वर्ग आपला, शोधही आपलाच

बी.एड.च्या कुठल्याही महाविद्यालयातले प्रकल्पांचे कपाट उघडून पाहावे, शीर्षकांची चाल एकच असते. ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना शुद्धलेखनात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना.’ ‘इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांकांतील चुकांचा अभ्यास.’ ‘अमुक शाळेतील विद्यार्थ्यांच्या अनियमित उपस्थितीची कारणमीमांसा.’ शाळेचे नाव आणि इयत्ता तेवढी बदलते. अडचण विद्यार्थ्याची, चूक विद्यार्थ्याची, गैरहजेरीही त्याचीच. ज्याच्या नावावर हा अभ्यास आहे तो शिक्षक वर्गात उभा राहून नेमके काय करत होता, याचा पत्ता शेवटच्या पानापर्यंत लागत नाही. नाव कृतिसंशोधन, आणि कृती करणारा मात्र बेपत्ता.

हा छात्राध्यापकांचा आळस आहे असे मी म्हणणार नाही. त्यांना तसेच शिकवले जाते. समस्या विधान, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, व्याप्ती व मर्यादा, संबंधित साहित्याचा आढावा, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी, निष्कर्ष, शिफारशी असा ठरलेला साचा असतो आणि त्यात ‘मी’ला जागाच नसते. ‘संशोधिकेस असे आढळून आले’ असे एकदा लिहिले की संशोधिका आपल्याच वर्गातून बाहेर पडते आणि खिडकीतून आत पाहू लागते. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या शाळांत शिकवता शिकवता पुढची पदवी घेणाऱ्यांनी किंवा बी.एड., एम.एड.च्या निमित्ताने त्या शाळांत पाठ घेणाऱ्यांनी हे पुस्तक हाती घेतले असेल, तर माझी पहिली विनंती हीच: अहवालात ‘मी’ लिहा. मार्गदर्शकांनी खोडले तर लगेच मान तुकवू नका, थोडा वाद घाला.

या विषयाचा इतिहास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो, म्हणून तो थोडक्यात उरकतो. जर्मनी सोडून अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली. ती शाळेसाठी नव्हती, समाजातल्या अल्पसंख्य गटांच्या प्रश्नांसाठी होती. शाळेत ती आणली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी, 1953 च्या पुस्तकातून. इतरांचे संशोधन वाचून शिक्षक आपली पद्धत क्वचितच बदलतो, स्वतः शोधले तर बदलण्याची शक्यता वाढते, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. त्यावर ‘हे कसले शास्त्र?’ असे म्हणणारे तेव्हाही होते. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मध्ये शिक्षकालाच संशोधक म्हणून उभे केले आणि एक अट घातली: शोध पद्धतशीर हवा आणि तो चारचौघांपुढे मांडलेला हवा. आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतल्या अनुभवासाठी किमान 20 आठवडे राखून ठेवले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर सेवेत असलेल्या शिक्षकांनाच बी.एड.ची वाट खुली केली. म्हणजे वेळ आहे, वर्ग आहे, विद्यापीठाचा शिक्काही आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, हे उघड गुपितही त्याच व्यवस्थेत आहे.

परदेशी नावे घ्यावी लागतात, कारण ती परीक्षेत विचारतात. आपल्या भाषेत हे काम करणारी माणसे मात्र अभ्यासक्रमाच्या समासातही सापडत नाहीत. मला सर्वांत मोलाचे वाटते ते कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांचे काम. ना. सी. फडके यांच्या या कन्येने नोकरीची वर्षे शिक्षक घडवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर, 1985 मध्ये, ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. आयुष्यभर व्याख्यानांतून जे सांगितले ते पहिली-दुसरीच्या मुलांपुढे टिकते का, हे पाहण्याची हिंमत या पेशात फार थोड्यांना होते. बहुतेक जण निवृत्तीनंतर मार्गदर्शनपर भाषणेच देतात. ‘शिक्षण देता घेता’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव. त्यातल्या ‘घेता’मध्ये सगळे आले. त्यांचे लेखन वाचताना सिद्धान्त आणि प्रसंग वेगळे काढता येत नाहीत. मूल काय म्हणाले, बाईंनी त्यावर काय केले आणि नंतर बाईंना स्वतःच्या करण्याबद्दल काय वाटले, या तीन गोष्टी एकामागून एक येतात. कृतिसंशोधनाचा अहवाल याहून वेगळा का असावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी वारली मुलांसाठी शाळा चालवली. मुले गुरांमागे जात, शाळेत येत नसत. आजच्या साच्यात हा प्रश्न टाकला तर ‘पालकांची उदासीनता’ हे कारण आणि ‘पालकसभा घेणे’ हा उपाय, असा निकाल हमखास. या बायकांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरताहेत, शेजारी कुरणशाळा भरली आहे. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाच्या जागी शाळा कुठे भरते, हा प्रश्न आला की कामाची दिशाच फिरते. पहिल्या प्रश्नावर शिक्षकाच्या हातात फारसे काही नसते, दुसऱ्यावर असते.

आता पेण-रोह्याकडे येऊ. पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव, त्यामुळे इथल्या शिक्षणविषयक समारंभांत त्यांचे नाव आले नाही असे सहसा होत नाही. नाव घेऊन झाले की हार-तुरे सुरू होतात. ते राहू दे. या दोन तालुक्यांतला वर्ग कसा असतो ते पाहणे जास्त उपयोगाचे. पेणच्या खाडीकाठी खारेपाटातली आगरी गावे, डोंगराच्या कुशीत कातकरी-ठाकरांच्या वाड्या, हमरापूर-जोह्याकडे गणपतीचे कारखाने. रोह्याला कुंडलिकेच्या काठी धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आणि तिच्यामागे परप्रांतातून आलेली कुटुंबे. वर नागोठणे, खाली कोलाड. एका वर्गात आगरी, कातकरी, ठाकरी आणि हिंदी कानावर पडणे ही इथे नवलाची गोष्ट नाही. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही पेणलाच आहे. या वर्गांत शिकवणारे शिक्षक दिवा-रोहा गाडीने किंवा एस.टी.ने ये-जा करतात. महामार्गाने जाणाऱ्यांबद्दल सहानुभूतीपलीकडे काही लिहीत नाही.

इथला एक नेहमीचा प्रकल्प घेऊ: शुद्धलेखन. आगरी घरातले मूल ‘पाणी’ ऐकून ‘पानी’ लिहिते, ‘डोळा’ ऐकून ‘डोला’. श्रुतलेखनाच्या वहीत लाल फुल्या पडतात, तळाशी ‘20 पैकी 9’. प्रकल्पात हे नऊ पूर्वचाचणीचे गुण होतात, महिनाभर शब्द गिरवून घेतले जातात, उत्तरचाचणीत 14 येतात आणि निष्कर्ष तयार. यात शोध कुठे आहे? त्याऐवजी त्याच वह्या घेऊन एक साधे काम करावे. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात घरच्या बोलीतून आलेल्या चुका, म्हणजे ण-न आणि ळ-ल यांच्या, दुसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घ, तिसऱ्यात जोडाक्षरे आणि उरलेले सारे. एका मुलाच्या अकरा चुकांपैकी सात पहिल्या रकान्यात पडल्या, तर ते मूल निष्काळजी आहे असे म्हणता येईल का? ते तर नियमाने चालले आहे. जसे बोलते तसे लिहिते आहे, आणि पहिलीत आपणच त्याला ‘बोलतो तसे लिहा’ म्हणून सांगितले होते.

मग प्रश्न शिक्षिकेकडे, तिच्या ‘मी’कडे वळतो. श्रुतलेखन घालताना मी ‘ण’ आणि ‘न’ मधला फरक ऐकू येईल असा उच्चारते का? या दोन अक्षरांच्या जोड्या फळ्यावर कधी समोरासमोर मांडल्या का? इतिहासाच्या तासाला ‘बाई, मना म्हाईत हाय’ म्हणून हात वर झाला, तेव्हा मी आधी वाक्य दुरुस्त केले की उत्तर ऐकून घेतले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणारे नसेल. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी आधी त्या गावातल्या बोलण्याच्या तऱ्हांचा पीएच.डी.साठी अभ्यास केला आणि मग तिथेच शाळा उभी केली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुलांची बोली त्यांना आधी माहीत होती, वाचन-लेखन शिकवण्याच्या पद्धती त्यानंतर आल्या. आपल्यापैकी कितीजण खारेपाटातल्या शाळेत रुजू होताना आगरी ऐकायला बसले?

दुसरी गोष्ट हजेरीपटाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पेण-रोह्यातल्या कितीतरी आकडेमोडी याच ठिकाणी घसरण्याची भीती असते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बरोबर मुलेही जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाचे शिक्षण हमी कार्ड आहे. ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा भरवून दाखवल्या होत्या. पण छात्राध्यापकाचा प्रकल्प आपल्या वेळापत्रकाने चालतो. समजा, पूर्वचाचणी दिवाळीआधी झाली. वर्गात 30 मुले, 25 पैकी सरासरी गुण 10. दिवाळीनंतर सहा मुले भट्टीवर गेली. त्यांची सरासरी पाच होती. उरलेल्या 24 मुलांना छात्राध्यापकाने एक अक्षरही शिकवले नाही तरी वर्गाची सरासरी 11.25 होते. हे सव्वा गुण कुणी वाढवले? वीटभट्टीच्या मालकाने. अहवालात मात्र ‘उपाययोजना परिणामकारक ठरली’ असे वाक्य येते, खाली टी-मूल्य, आणि गेलेली सहा मुले ‘व्याप्ती व मर्यादा’ या मथळ्याखाली एका ओळीत संपतात: ‘सतत गैरहजर विद्यार्थ्यांचा समावेश केलेला नाही.’

उपाय सोपा आहे. ज्या मुलांनी दोन्ही चाचण्या दिल्या त्यांचेच आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी शेजारी ठेवायचे, आणि जी गेली त्यांच्यासाठी वेगळे पान राखायचे. कोण गेले, कधी गेले, जाताना कोणता धडा चालू होता, जूनमध्ये परत आल्यावर मी त्यांना कुठे बसवले. या पानावर सरासरी निघत नाही आणि आलेखही काढता येत नाही. तरी माझ्या मते आदिवासीवाडीच्या शाळेतल्या अहवालाचे ते सर्वांत महत्त्वाचे पान आहे. हमरापूरकडच्या शिक्षकांना अशीच नोंद जून ते भाद्रपद या काळाची ठेवता येईल. गणपतीच्या हंगामात घरातल्या मोठ्या माणसांच्या कामाचे तास बदलतात, त्याबरोबर मुलांच्या झोपेचे आणि अभ्यासाचे तासही बदलतात का? चाचणी नेमकी त्या आठवड्यात ठेवणारे वेळापत्रक कुणी केले? ते बदलणे मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत आहे की माझ्या? हे प्रश्न पुस्तकातून मिळत नाहीत, गावाचे वर्ष कसे फिरते ते ठाऊक असले तरच सुचतात.

तिसरी गोष्ट अशी, की तिच्यासाठी गावाची माहितीही लागत नाही, खिशातला मोबाइल पुरतो. आपला एक तास ध्वनिमुद्रित करावा आणि घरी एकट्याने ऐकावा. एकट्याने, कारण ऐकताना लाज वाटते. ‘सांगा बघू, बाष्पीभवन म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो आणि त्यापाठोपाठ उत्तरही आपल्याच आवाजात येते. मध्ये ‘समजलं का?’ आणि वर्गाचा एकसुरी ‘होऽऽ’. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात अशाच ध्वनिफिती ऐकून मोजमाप केले होते: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतो. तीन सेकंद थांबणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी अशा मुलाला तर उत्तर मनात एका बोलीतून दुसऱ्या बोलीत वळवून घ्यावे लागते. त्याच्यासाठी तीन सेकंदही थोडेच. रोह्यातल्या एखाद्या शिक्षिकेने प्रश्नानंतर मनात पाच आकडे मोजण्याची सवय लावून घेतली, आणि आधीचे दोन व नंतरचे दोन तास ऐकून कोण बोलले, किती शब्द बोलले, कोण अजूनही गप्प आहे एवढे मांडले, तर तो पुरेसा प्रकल्प आहे. त्यात खर्च नाही, तक्ते रंगवायचे नाहीत, आणि बदलायचे आहे ते स्वतःलाच.

अर्थात वर्ग कुणाचा, हा पेच राहतोच. सेवेत असलेल्या शिक्षिकेला वर्ग वर्षभर मिळतो. सुट्ट्यांमधल्या संपर्कसत्रांतून ती काही शिकली तर सोमवारी ते करून पाहता येते. छात्राध्यापक पाहुणा असतो. त्याला दिलेला वर्ग शांत असतो, कारण वर्गशिक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात. सराव पाठाच्या दिवशी ‘त्रास देणारी’ मुले दुसऱ्या वर्गात बसवण्याची पद्धत काही शाळांत आहे, आणि ती पाहुण्याच्या भल्यासाठी आहे असे सगळे मानतात. पाहुण्याने यजमानाच्या घरातले दोष लिहू नयेत हा संकोच समजण्याजोगा आहे. पण स्वतःच्या पाठातले दोष लिहायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्याचा प्रकल्प लहान असावा, एका घटकापुरता, जमल्यास चार-पाच मुलांपुरता. 60 मुलांच्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे करून टक्केवारी काढण्यापेक्षा चार मुलांच्या वह्या नीट वाचणे अवघड आहे आणि जास्त फळ देणारेही.

यासाठी नोंदवही हवी. टाचणवही वेगळी, तिच्यात काय करणार ते असते, आणि पुष्कळदा ती आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते. या वहीत काय झाले ते यायला हवे, त्याच दिवशी, परतीच्या गाडीत का होईना. नोंद कशी असावी याचा एक नमुना देतो. तो काल्पनिक आहे, पण वर्गात उभे राहिलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल: ‘तिसरा तास. अपूर्णांक. भाकरीचे चित्र काढून चार भाग केले. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, विचारले. बहुतेकांनी एक चतुर्थांश सांगितले. मी लगेच नियम सांगितला. मागच्या बाकावरून आवाज आला, चार जणांत वाटली तर कमीच येणार ना. मी “बरोबर” म्हटले आणि पुढे गेले. तिला फळ्याजवळ बोलावायला हवे होते. वेळ कमी होता म्हणून नाही बोलावले की ती एरवी बोलत नाही म्हणून माझे लक्षच गेले नाही?’ नोंद एवढीच. पण त्या शेवटच्या प्रश्नातून महिन्याभराचे काम निघते: एरवी न बोलणाऱ्या मुलींकडे माझा प्रश्न किती वेळा जातो?

नोंदी जमू लागल्या की जबाबदारीही येते. अहवालाच्या परिशिष्टात मुलांचे फोटो चिकटवायची आपल्याकडे हौस आहे. ‘अप्रगत विद्यार्थी’ या मथळ्याखाली कातकरी मुलाचा नावानिशी फोटो छापताना त्याच्या आईवडिलांना कुणी विचारले होते का? नावे बदलावीत, चेहरे वगळावेत, आणि मुलांना त्यांच्या भाषेत सांगावे की बाई हे लिहिताहेत ते स्वतःच्या शिकवण्याबद्दल आहे. मुले ऐकून घेतात, आणि कधी कधी अशा सूचना करतात की पर्यवेक्षकांना त्या सुचणार नाहीत.

मार्गदर्शकांसाठी दोन शब्द. ज्या अहवालात उपाय यशस्वी होतो त्यालाच चांगले गुण, हा अलिखित नियम जोवर आहे तोवर प्रत्येक उत्तरचाचणी चढतीच राहणार. पाच आकडे मोजून थांबले आणि तरीही तीच तीन मुले बोलली, असे कुणी प्रामाणिकपणे लिहिले तर तोंडी परीक्षेत त्याला ‘मग तुमचे संशोधन फसले का?’ असे हसून विचारू नये. पुढे काय करून पाहाल, असे विचारावे. फसलेल्या उपायाचे गुण कापले जाणार नाहीत, हे विषय निवडण्याच्या दिवशीच सांगून टाकावे. त्याने झेरॉक्सच्या दुकानाचा निम्मा धंदा बसेल. आणि स्टेनहाउस यांची चारचौघांपुढे मांडण्याची अट पाळायला आपल्याकडे जागा आहे. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात, आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक एकत्र बसतात. परिपत्रकांचे वाचन थोडे आवरून त्यातली पंधरा मिनिटे एखाद्या अशा अहवालाला द्यावीत. खारेपाटातल्या शिक्षिकेने ण-नचे रकाने मांडले तर शेजारच्या गावच्या शिक्षकाला ते दुसऱ्या दिवशी वापरता येतील, आणि त्याच्या वर्गात ते लागू पडले नाहीत तर पुढच्या परिषदेत तो तसे सांगेल.